कोऱ्या बाटलीतलं पेट्रोल

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि चारचौघांत बोललात.

पंपाच्या केबिनमध्ये तुम्ही आणि पंपमालक बसला होतात. मागच्या घरातल्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. तुम्ही अहवाल टेबलावर आपटलात आणि माझ्याकडे बोट केलंत.

"ह्याचे हात कायम बरबटलेले. पुन्हा कोरी बाटली खराब केली. सगळे नमुने रद्द."

तिसऱ्यांदा रद्द.

बावीस वर्षं मी पेट्रोलपंपांभोवतालची माती नि विहिरींचं पाणी तपासणीसाठी बाटल्यांत भरतोय. पाण्याची बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची. बुडबुडा दिसला की ओतून पुन्हा भरायची, कारण पेट्रोल त्या बुडबुड्यात पळतं. हे सगळं मी करून करून शिकलो. प्रत्येक पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद बाटली जाते. ती कोरी. ती वाटेत उघडायचीच नसते. तिच्यात पेट्रोल सापडलं, की कुठेतरी घोळ झाला असं धरून अख्खी पेटी बाद. नियम चांगला आहे. चोराला तर फारच चांगला.

पंपाची जमिनीतली टाकी गळते. काकूंची विहीर भिंतीपलीकडे, बारा पावलांवर. नमुने मान्य झाल्याशिवाय टाकी उकरायचा हुकूम निघत नाही. काकूंची सून सातव्या महिन्यात आहे; अंघोळीचं पाणी तापलं की पेट्रोलच्या वासाने तिला उमासे येतात.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर काकूंनी मला गाठलं.

"भाऊ, खरं सांग. तुझेच हात घाण असतात का रे?"

साहेब, तुमचं बोलणं मी गिळलं असतं. काकूंचा प्रश्न काही गिळता येईना. तिथेच ठरवलं, सूड घ्यायचा. साधासुधा नाही, नियमाने.

चौथ्या वेळी विहिरीचे नमुने हातमोजे घालून, बुडबुडा न ठेवता भरले. पेटीत लावले. मग मोजे काढले आणि टाकीशेजारच्या खड्ड्यातली काळी, वासाची माती कोपरापर्यंत चोळली.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" काकू ओरडल्या.

"फिरवलंय साहेबांनी. हे बघा, आज दोन कोऱ्या आणल्यात. दोन्ही घट्ट बंद. ह्याच हातांनी धरतो. झाकणांवर हे कागद चिकटवा आणि वर अंगठा उठवा."

"अंगठा कशाला? सही येते मला!" काकू फणकारल्या. त्यांनी दोन्ही कागदांवर ठसठशीत सही केली. सुनेने एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने फोटो काढले.

एक कोरी पेटीत गेली. पेटी नेहमीसारखी तुमच्या कचेरीत दोन दिवस राहिली. दुसरी माझ्या पिशवीत. तिसऱ्या दिवशी पेटी प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा मी आधीच दारात होतो.

"आणखी एक कोरी?" तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी कसली हौस?"

"संशयी स्वभाव, बाई. आणि आल्या तशा दोन्हींची नोंद करा. झाकणासकट."

गेल्या आठवड्यात निकाल आला. माझ्या पिशवीतली बाटली स्वच्छ, झाकणावर काकूंची सही शाबूत. पेटीतल्या बाटलीत पेट्रोल, आणि झाकणावर कागदच नाही. बाईंनी तसं लिहून शिक्का मारून दिलंय. हात तेच होते, साहेब. माती तीच होती.

ते निकालाचे कागद मी पंपावर चिकटवले. मालकाने फाडले, मी पुन्हा चिकटवले. आता गाड्या रांगेत थांबतात तेव्हा लोक वाचतात, आणि काही जण टाकी न भरताच पुढे जातात. मालकाचा चेहरा बघायला मी रोज जातो. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

आज तुमचं पत्र मिळालं. मी निलंबित. कारण लिहिलंय, 'परवानगीशिवाय जादा बाटली नेली.' कबूल. नेली. बावीस वर्षांत मोडलेला हा एकच नियम.

पण विहीर अजून तशीच आहे. सून काल माहेरी गेली. काकू रस्ता ओलांडून दुसरीकडून पाणी आणतात, दोन घागरी, मध्ये तीनदा टेकतात.

पेटी तुमच्या कपाटात होती. किल्ली एकच, ती तुमच्या खिशात. तेव्हा चौकशी समिती नको, 'पाहतो' नको. ते झाकण कुणाच्या हातांनी उघडलं? नाव सांगा.