नव्वद टक्क्यांवर अडलेला इतिहास

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. पण मी स्वतः तिथे होतो, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

मी एक जुना लॅपटॉप आहे. आज तुमच्या वाचनखोलीत, टेबलाच्या कोपऱ्यात, मान टाकणाऱ्या पडद्याला दोन पुस्तकांचा टेकू देऊन बसवलेला आहे. पण माझ्या उजव्या कुशीत बघा. हा जो ट्रे आहे, त्यात मी सीडी लिहीत असे. सीडी भरात आली की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने दोन महिने पुढे जायचं. जरा हळू बोलतो. तुमच्या बाई खिडकीशी उभ्या आहेत आणि त्यांचे कान फार तिखट आहेत.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने डाळीच्या दाण्याएवढं भिंग माझ्या ट्रेमध्ये बसवलं आणि त्यावर हळूच फुंकर घातली. त्या फुंकरीनेच माझ्यात जीव आला असं मी सगळ्यांना सांगतो.

मला ज्यांनी घरी नेलं त्या, पार्सल कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकून होत्या. आख्खी गल्ली त्यांना आत्या म्हणे, कारण त्यांची भाची त्यांना तशी हाक मारायची आणि ती हाक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. भाचीचं लाडाचं नाव भिंगरी. ती जन्मापासून पाहू शकत नव्हती, तरी एका जागी कधी बसली नाही. शिकायला ती दूर वसतिगृहात राहत होती.

त्या वर्षी इतिहासाचं पुस्तक बदललं. नवं पुस्तक ठिपक्यांच्या लिपीत यायला परीक्षा उलटून जाणार होती. वसतिगृहात ऐकायचं यंत्र एकच होतं, तेही फक्त सीडी वाजवणारं. इतिहासात गेली तर भिंगरीचं वर्ष जाणार आणि वसतिगृहातली जागाही.

"मी वाचते," आत्या म्हणाल्या. आणि माझ्यासमोर बसून त्यांनी सतरा धडे वाचून काढले. तह आले की आवाज खाली, लढाया आल्या की खुर्ची पुढे. मित्रांनो, त्या तीन आठवड्यांत मी काय केलं माहीत आहे? रेकॉर्डिंग चालू झालं की मी माझा पंखा बंद ठेवायचो. श्वास रोखून बसायचो. अंगाची भट्टी व्हायची, पण हूं नाही की चूं नाही.

मग सीडी लिहायची वेळ आली आणि घोटाळा सुरू झाला. पहिली सीडी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर थांबली. "लिहिता आले नाही" असा निरोप मी पडद्यावर दिला. दुसरी एक्क्याण्णववर गेली, तिसरी पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर.

आत्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा बाप, शिंपी होता. तो गळ्यात टेप तसाच ठेवून आला.

"ताई, याचं वय झालंय."

"माझंही झालंय. मला कुठे टाकतोस?"

तो हसला आणि माझ्यासमोर बसला. "हे बघ, मशीन टाका सोडायला लागलं की मी आधी सुई बदलतो. मग दोरा. दोन्ही एकदम बदलले तर चोर कोण ते कळत नाही."

आत्यांना हे एकदम पटलं. त्यांनी पट्टीने रेघा मारून तक्ता आखला: सीडीचा नंबर, काय बदललं, किती टक्क्यांवर थांबली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नेम केला. चौथ्या सीडीला वेग कमी केला. पाचव्या सीडीआधी कापसाच्या बोळ्याने माझं भिंग पुसलं, इतक्या हलक्या हाताने की मला कारखान्यातली ती बाई आठवली. सहावीला चार्जर लावून ठेवला आणि मला मध्येच डुलकी लागू नये अशी व्यवस्था केली. सातवीला बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले. आठवीला डगमगणारं टेबल सोडून मला जमिनीवर ठेवलं आणि स्वतःही मांडी घालून बसल्या. नववी सीडी दुसऱ्या दुकानातून आणली. मित्रांनो, माणसाने चिडावं तरी! मला एक टपली मारली असती तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या फक्त तक्त्यात आकडा लिहायच्या, पेन ठेवायच्या आणि नवी सीडी घ्यायच्या. नववीही नव्वदवर थांबली.

शनिवार उजाडला. दुपारी बारा वाजता पार्सलची गाडी सुटणार होती. ती चुकली तर पुढची गाडी परीक्षेनंतर. सकाळी सात वाजता आत्या दहावी सीडी हातात घेतात तोच फोन वाजला.

"आत्या, कुठवर आलं गं?"

"येतंय."

"नाही, मी घाई करत नाहीये. इतकंच की इतिहास मला अजून नुसता तोंडओळखीचा आहे."

बोलता बोलता आत्यांनी हातातली सीडी तशीच ट्रेमध्ये ढकलली आणि लिहायचं बटण दाबलं. वीस मिनिटांनी फोन ठेवून वळतात तर काय, मी शंभर टक्क्यांवर पोहोचून ट्रे बाहेर काढून बसलो होतो.

दुसरी एखादी बाई आनंदाने नाचली असती. आत्यांनी आधी तक्ता पाहिला. या सीडीला काय वेगळं केलं? काहीच नाही. मग त्यांचं लक्ष सीडीच्या पाठीकडे गेलं. ती कोरी होती. तिच्यावर नाव घालायचं राहिलं होतं.

आता ऐका. पार्सल कचेरीत पस्तीस वर्षं आत्यांनी कार्बन पेपर घालून तीन-तीन प्रती लिहिल्या होत्या. नाव घातल्याशिवाय वस्तू हलवायची नाही हा तिथला नियम, आणि तिसऱ्या प्रतीवर उमटेल एवढं पेन दाबायचं ही हाताची सवय. त्यामुळे प्रत्येक सीडीच्या पाठीवर, खालच्या कडेला, त्या आधीच बॉलपेनाने "इतिहास, धडे अमुक ते तमुक" असं ठासून लिहायच्या. सीडीचा जीव असतो तिच्या पाठीकडच्या पातळ थराखाली. मी लिहितो आतून बाहेर. कडेजवळ पोहोचलो की आत्यांच्या अक्षरांनी पाडलेल्या खड्ड्यांत ठेचकाळायचो.

त्यांनी एक वाया गेलेली सीडी खिडकीच्या उजेडात धरली. उजेडात त्यांचं सुरेख अक्षर आरपार चमकत होतं.

"अरे देवा," त्या पार्सल न्यायला आलेल्या भावाला म्हणाल्या, "चोर माझ्याच हातात होता."

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण शोधून काढायचा आनंद त्यांचा त्यांना मिळावा म्हणून मी गप्प राहिलो.

एक सीडी झाली होती, अकरा उरल्या होत्या. एकेकीला वीस मिनिटं. आत्या एका हाताने पुठ्ठ्याच्या फाइलने मला वारा घालत होत्या, दुसऱ्या हाताने तयार सीडीच्या पाठीवर मऊ स्केचपेनने, फुलावर लिहावं तसं, नाव घालत होत्या. भिंगरीसाठी प्रत्येक पाकिटाला दोरा बांधला, पहिल्याला एक गाठ, बाराव्याला बारा. बाप दारात स्कूटर चालू ठेवून ओरडत होता, "ताई, उरक!" बाराला पंधरा मिनिटं कमी असताना शेवटची सीडी बाहेर आली.

पुढे सीडीचे दिवस सरले. मी कपाटात गेलो. माझ्यावर जुन्या उशा आल्या, माझ्या ट्रेमध्ये कोळ्याने जाळं विणलं. आत्या होत्या तोवर महिन्यातून एकदा मला पुसायच्या. त्यांच्यामागे मला इथे आणलं गेलं.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू अडली म्हणून लगेच टाकून देऊ नका. एका वेळी एक गोष्ट तपासा. आधी स्वतःचा हातही तपासा. आणि आमच्या निष्ठेवर विश्वास ठेवा. सतरा धडे मी श्वास रोखून बसलो होतो. त्या बारा सीडींमध्ये आत्यांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज कुणी दाखवून द्यावा, मी उद्या भंगारात...

थांबा. तुमच्या बाई काठी टेकवत टेबलाशी आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आहे, पंख्याच्या बरोबर वर.

"साफ खोटं," बाई म्हणाल्या. "पहिल्या धड्यापासून सतराव्यापर्यंत आत्याच्या आवाजामागे हा घरघरतोय. परीक्षेत उत्तर आठवेना झालं की मी आधी मनातल्या मनात याचा पंखा सुरू करायचे. मग आत्या बोलायला लागायची."