खोक्याला मूल झालं!

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक पांढरं खोकं, त्याला काचेचा एक डोळा, आणि शेजारी चकचकीत बुटांतला विक्रेता लुचेझार.

"मंडळी, ही विजेवरची वैद्यराणी! नुसता चेहरा बघून रक्तातलं ओळखते! आत माणूस नाही. पगार नको, रजा नको, कॉफीसुद्धा नको!"

हा टोला मला होता. स्लिवोवो गावची डॉक्टर मी. सरपंच ग्रोझदान पेन उघडून बसलेला. त्याची सही झाली की माझा दवाखाना बंद आणि हे खोकं सुरू.

खोक्यानं बेकरीवाल्याची मूळव्याध सांगितली, पोस्टमनची कंबर सांगितली. लोक छातीवर क्रूस काढू लागले. मला हसू आवरेना. अहो, हा लुचेझार आठवडाभर खानावळीत राकिया पाजत बसला होता, आणि आमच्या गावात दुसऱ्या पेल्याला माणूस आपलं दुखणं सांगतोच!

मग तोन्का आजी बसली.

"छातीत दुखतं का?" खोक्यानं विचारलं.

"मोठ्यानं बोला हं, आजी," लुचेझार घाईनं म्हणाला.

"खोक्याशी कसलं बोलायचं, मेल्या?" आजीनं नुसती मान खालीवर केली.

"हृदय कमजोर आहे. आजपासून गोळ्या सुरू करा."

आजी पांढरीफटक पडली, आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या बल्गेरियात मान खालीवर केली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो'. शेंबड्या पोरालाही ते कळतं. म्हणजे ही वैद्यराणी रक्तबिक्त काही बघत नव्हती. मान बघत होती, तीही परमुलखाच्या रीतीनं!

मी आजीला उठवलं आणि खुर्चीत बसले. "कुणी हूं की चूं करायचं नाही," मी सगळ्यांना बजावलं.

"डोकं दुखतं का?" मी ढिम्म. "पोट?" मी ढिम्म. खोकं अडखळलं. सभागृह चिडीचूप. त्या शांततेत खोक्यातून बारीक रडणं ऐकू आलं.

"अगं बाई, खोक्याला मूल झालं!" मागून कुणीतरी ओरडलं.

लुचेझार वायर उपटायला धावला. तोन्का आजीनं काठी आडवी घातली.

"कुठून बोलतेस गं?" मी विचारलं.

"फार लांबून," खोकं म्हणालं. आवाज यंत्राचाच, पण घाबरलेला. "इथं आम्ही पडद्यासमोर बसतो. साहेब आधी लिहून पाठवतात ते वाचायचं, बाकी चेहरे बघून ठोकून द्यायचं. भाषा यंत्र बदलतं. बाळाला ताप आहे हो, पण रजा मिळत नाही. तुम्ही खऱ्या डॉक्टर ना? काय करू?"

"किती महिन्यांचं आहे?"

"दोन."

"मग घरगुती उपाय करत बसू नकोस. पगार गेला तरी जाऊ दे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. ऊठ!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि रडणं लांब गेलं.

मी लोकांकडे वळले. "यंत्राशी माझं वैर नाही. खरंच रक्त तपासणारं यंत्र आणा, मी पाव-मीठ घेऊन त्याच्या स्वागताला वेशीवर उभी राहीन. पण 'आत माणूस नाही' असं कुणी म्हणालं, तर आधी आत डोकावा. कुणाला तरी लपवल्याशिवाय असली स्वस्ताई होत नसते. आणि ते काय बघून बोलतंय, एवढं विचारायला लाजू नका."

ग्रोझदाननं पेनला टोपण लावलं. "मग काय मंडळी, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना ठेवायचा का?"

सगळ्या सभागृहानं मान आडवी हलवली. सगळ्यात जोरात तोन्का आजीनं.