पाच पायांची मांजर

फरशीवाल्याचा तीस वर्षांचा एकच नियम होता, जिथे फेस तिथे मळ. नव्या इमारतींच्या टाइल्सवर सांडलेलं सिमेंट तो ॲसिडने काढायचा. टाइल ढिम्म राहायची, सिमेंट तेवढं फसफसायचं. फेस थांबला की फरशी साफ. माणूस कामाला वाघ, पण कुणाचं ऐकेल तर शपथ.

लेकीचं तरी कुठे ऐकलं होतं! दहावीत असताना तिने वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात खडू टाकला होता. बुडबुडे दाखवत समजावत बसली, की आम्लाची कार्बोनेटशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, मागे क्षार आणि पाणी उरतं. खडू, संगमरवर, वाळलेलं सिमेंट, सगळ्यांच्या अंगात तोच चुना.

"बाबा, तुमच्या ॲसिडला मळ कळत नाही, चुना कळतो," ती म्हणाली होती.

फार शहाणी झालीस, म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. तिने मात्र त्याच्या कामाच्या पिशवीत खाण्याच्या सोड्याचा पुडा टाकून ठेवला. ॲसिड सांडलंच तर वर टाका, म्हणाली.

त्या लेकीला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली पोर. वह्या-पुस्तकं बघवेनात म्हणून देऊन टाकली. तिच्या हातचं उरलं होतं ते एवढंच: सहा वर्षांची असताना बापाच्या पिशवीतला खिळा घेऊन ओट्याच्या संगमरवरावर कोरलेली मांजर. पाय चांगले पाच. तेव्हा त्याने पोरीला एक धपाटा घातला होता, तो अजून त्यालाच लागत होता. बायको रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्या रेघांवरून बोट फिरवायची.

बायको चार दिवस बहिणीकडे गेली. ती येईपर्यंत ओटा लख्ख करावा, मांजरीच्या रेघांत बसलेलं काळं तेल काढावं, एवढंच त्याच्या मनात होतं. ती यायच्या दिवशी सकाळी बिचाऱ्याने ॲसिड ओतलं. ओटा फसफसला. बाप रे, केवढा हा मळ, म्हणत त्याने आणखी ओतलं.

फेस काही थांबेना. तेव्हा कुठे त्याला लेकीची ती खडूची वाटी आठवली. त्याने पिशवीतला तोच पुडा फाडून सगळा सोडा ओट्यावर उपडा केला. पुन्हा फेस उसळला, मग ओसरला. सोड्याने ॲसिड मारलं, पण गेलेला दगड थोडाच परत येणार होता? पुसून पाहिलं तर मांजरीच्या जागी नुसता खरखरीत पांढरा डाग होता.

बायको दुपारी आली. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी जाऊन बराच वेळ बोटाने चाचपत राहिली.

"आता सकाळी हात कुठे ठेवू मी?" तिने विचारलं.

"तिने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

सोड्याचा फाटका पुडा अजून त्याच्या हातातच होता.