सात नंबरची चिठ्ठी

सिगारीच्या कारखान्यात सगळ्यात लबाड वस्तू म्हणजे सिगारच. वरून सगळ्या सारख्याच देखण्या. आत काय भरलंय ते ओढल्याशिवाय कळत नाही. धाकटीला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिची हिंमत झाली.

त्या लांबलचक खोलीत दोघी जावा एकाच बाकावर बसत. थोरलीचा नंबर सात, धाकटीचा आठ. थोरलीला सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण खोलीतल्या निम्म्या जणींना सिगार वळायला त्यांनीच शिकवलं होतं. धाकटीला तर लग्न होऊन आली त्याच वर्षी, हाताला धरून. यंत्राच्या सिगारी निम्म्या किमतीत मिळायच्या, तरी काही चोखंदळ म्हातारे हट्टाने हाताचीच मागायचे, आणि त्यातले काही फक्त सात नंबरची. पन्नास सिगारींच्या प्रत्येक जुडीत वळणारीच्या नंबराची चिठ्ठी खोचलेली असे. मुकादम जुडीतल्या दोन-चार सिगारी न पेटवता ओठांत धरून ओढून बघायचा. सात नंबर दिसला की मात्र जुडी तशीच पुढे सरकवायचा.

आतली पानं अशी दुमडायची असतात, की मधून धुराला वाट राहील. घाई केली की पानांना पीळ बसतो आणि वाट बुजते. त्या दिवशी धाकटीला घाई होती. कसली, तर घरी नवीन पडदे लावायला माणूस येणार होता. पडद्यांना काही पाय फुटणार नव्हते, पण हिला धीर कुठला? शेवटची जुडी तिने कशीबशी उरकली. पीळ बसलाय हे बोटांना कळलं होतं. मुकादमाने तिला आधीच दोनदा झापलेलं. थोरली हात धुवायला गेली तेवढ्यात तिने शेजारच्या खणातून सात नंबरची चिठ्ठी काढली, जुडीत खोचली आणि घर गाठलं. पडदे छान बसले.

चार महिन्यांनी ती जुडी पेटीसकट परत आली. सोबत बोटीवरच्या एका निवृत्त कप्तानाचं पत्र होतं. मुकादमाने ते मोठ्याने वाचलं. ‘तीस वर्षं मी या बाईंच्या हातची सिगार ओढतो. नात झाली म्हणून दोस्तांना बोलावून पेटी उघडली. सहा म्हातारे गाल आत ओढून ओढून दमलो, धूर काही येईना. बाईंची तब्येत बरी आहे ना?’

मुकादमाने एक सिगार उभी चिरली. धाकटीच्या हातचा पीळ मास्तरीणबाईंनी शंभरदा सोडवलेला, आता ओळखणारच. पण त्यांनी चष्मा लावून आधी चिठ्ठी बघितली.

“माझीच आहे,” त्या म्हणाल्या. “अंगठा हल्ली बधिर होतो. मला वाटलं, कामात दिसत नसेल.”

“होतं एखाद्या वेळी,” मुकादम म्हणाला.

“एखाद्या वेळी नाही, अख्खी जुडी आहे. मला शिरा काढायला बसवा.”

पानांच्या शिरा काढणं हे नवख्यांचं काम, खोलीच्या पार मागच्या टोकाला. धाकटीने तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर “जाऊबाई, पाणी देऊ?” तिला स्वतःची किळस आली.

तीन आठवडे तिने खरं सांगितलं नाही. घरी मास्तरीणबाई बसल्या बसल्या वर्तमानपत्राचा कागद वळत, उलगडत, परत वळत. “डॉक्टर म्हणतो अंगठ्याला काही झालेलं नाही,” त्या म्हणायच्या. “त्याला काय कळतंय?” धाकटीला घास उतरेना. नवऱ्याने विचारलं, तर पित्त झालंय म्हणाली. पडद्यांकडे तर तिला बघवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी ती मुकादमाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. “ती जुडी माझी होती. चिठ्ठी मी बदलली.” सगळ्यांचे हात थांबले. मुकादम जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याने तिला शिरा काढायला पाठवलं आणि मास्तरीणबाईंना पुन्हा बाकावर बोलावलं.

मागच्या टोकाला दोघी समोरासमोर आल्या. धाकटीने खाली मान घालून सगळं सांगितलं.

“पडद्यांपायी?”

“हो.”

“रंग तरी बरा आणायचास,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. धाकटीला वाटलं, एवढ्यावरच सुटले.

शिरा काढता काढता ती बाकाकडे बघत राहिली. मास्तरीणबाईंनी एक सिगार वळली, ओठांत धरून ओढून बघितली, मग पातीने चिरून आत नजर टाकली. दुसरी वळली, तीही चिरली. तिसरी हातात घेऊन त्या उठल्या आणि अख्खी खोली ओलांडून धाकटीकडे आल्या.

“बघ गं जरा. वाट आहे ना?”

चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं. धाकटीने ओढून बघितली. हवा अगदी सरळ आली.

“आहे, जाऊबाई. अंगठा तुमचा चांगलाच आहे. चूक माझी होती, सांगितलं ना मी.”

“कळलं ते मला,” मास्तरीणबाई म्हणाल्या. पण त्या हलल्या नाहीत. सिगार परत घेऊन त्यांनी बोटांमध्ये दाबून बघितली, मग धाकटीच्या तोंडाकडे बघितलं.

“खरं सांगतेयस ना?”