अडीच तासांचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे. मित्रांनो, ‘जुना’ हे मी म्हणत नाही, सर्वेश म्हणतो. खरं तर माझं कापड विटलेलं नाही, शिवण उसवलेली नाही आणि काठीला कीड सोडाच, साधी चीरही गेलेली नाही. माझं वय अवघं दोन वर्षांचं. पण एखादी वस्तू डोळ्यांसमोर नकोशी झाली की माणूस तिला जुनी म्हणतो आणि मोकळा होतो. मी सर्वेशला नकोसा का झालो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

झेंडा म्हटलं की तुम्हाला शाळेचं मैदान आणि सलामी आठवेल. माझ्या नशिबी सलामी नाही. मी शर्यतीतला झेंडा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हौशी माणसांची फार फसगत होते. सुरुवातीला अंगात वारं भरतं, माणूस सुसाट सुटतो आणि अर्ध्या वाटेत धापा टाकत कठड्याला टेकतो. म्हणून एक अनुभवी धावपटू ठरलेल्या वेगाने, ना कमी ना जास्त, पळत राहतो. त्याला पेसर म्हणतात. त्याच्या हातात माझ्यासारखा झेंडा असतो आणि झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. माझ्यावर लिहिलं होतं, ‘अडीच तास’. माझ्या मागे राहा, अडीच तासांत पोहोचाल, असा त्याचा अर्थ. मी कापडाचा तुकडा असलो तरी कुणीतरी दिलेला शब्द आहे, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, हीच तर माझी अडचण आहे.

माझा जन्म ठाकुर्लीचा. गणपतीचं मखर सोडवल्यावर उरलेली बांबूची बारीक काठी सर्वेशने आणली आणि त्याच्या आईने, गोदूबाईंनी, कापड दिलं. गोदूबाई घरी बसून साड्यांना फॉल-पिको करून देतात. एका पोपटी अस्तराचा उरलेला तुकडा त्यांनी माझ्यासाठी काढला. सर्वेशला घाई झाली होती.

“आई, एक शिवण मार ना, बस झालं.”

“लोक तुझ्या भरवशावर पळणार ना रे? मग पक्का नको का?” असं म्हणून त्यांनी माझ्या चारही कडांना दुहेरी शिवण घातली. अक्षरं सर्वेशने रंगवली. ‘तास’मधला काना जरा वाकडा आला, पण लांबून कळत नाही.

पहिलं वर्ष माझं सुखाचं गेलं. दर रविवारी पहाटे नव्वद फुटी रस्त्यावर मंडळी जमत. कुणाला पोट कमी करायचं असे, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असे, कुणी नुसतंच मैत्रिणीच्या नादाने आलेलं असे. सर्वेश मला उंच धरून पुढे निघाला की ती सगळी माझ्या मागे. त्या वर्षीच्या डोंबिवलीच्या शर्यतीत त्याने एकूण एक माणूस वेळेत कमानीखालून नेला. तानाजीकाका, म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील, त्यांनी तर मला वाकून नमस्कार केला. मग काय विचारता! माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. सर्वेशने मला घरी नेऊन हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी उभं केलं. मी चढलो, हे कबूल करतो. कौतुकाने कापडही फुगतं.

त्याच सुमारास रसिका आमच्यात आली. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते. आदल्या वर्षी कल्याणच्या शर्यतीत, मागे पडलेल्यांना गोळा करत येणाऱ्या बसने तिला उचललं होतं. “खिडकीत बसून केळं खात आले मी,” असं ती हसत सांगायची, पण ते हसू नाकाच्या शेंड्यापर्यंतच असायचं. यंदा तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. कल्याणची अर्धी मॅरेथॉन अडीच तासांत पळायची. कारण ठाण्याच्या मोठ्या शर्यतीत नाव घालायला तसा दाखला लागत होता, आणि ठाण्याची ती शर्यत कळव्यावरून जाणार होती. कळवा हे रसिकाचं माहेर. वडिलांना ती फोनवर सांगून बसली होती, “बाबा, नाक्यावर उभे राहा. तुमच्यासमोरून पळत जाणार मी.” वडिलांनी त्यासाठी नवी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती म्हणे.

सर्वेशने तिचं सगळं ठरवून दिलं. कुठल्या दिवशी हळू पळायचं, कधी चढ घ्यायचा, कधी गुपचूप घरी बसून पाय वर करायचे. ती ते मुकाट पाळायची. पाऊस असो, पाहुणे असोत, नवऱ्याची कुरकुर असो. एकदा तिने विचारलं, “शर्यतीत मध्येच घाबरले तर काय करू रे?”

“काही करू नकोस,” सर्वेश म्हणाला. “फक्त झेंडा बघ. मी आहे ना पुढे.”

मित्रांनो, ‘मी आहे ना’ हे शब्द म्हणायला किती सोपे! मी तेव्हा त्याच्या हातातच होतो. मलाही ते खरे वाटले.

शर्यतीची सकाळ उजाडली. कल्याणहून शहाडच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि त्याच रस्त्याने दुभाजकाच्या दुसऱ्या बाजूने परत यायचं, अशी वाट होती. माझ्या मागे चांगला घोळका जमला होता. रसिका अगदी सर्वेशच्या खांद्याशी, तिच्यामागे तानाजीकाका. पहिला टप्पा कसा झकास झाला! तिचा श्वास एका लयीत होता. ती मध्येच माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालून पळत राहायची.

पुलाच्या अलीकडे हर्षित मागून आला. हा सर्वेशच्या ठाण्याच्या ऑफिसातला सहकारी. त्याने सर्वेशच्या पाठीवर थाप मारली.

“काय रे, वरातीत चाललायस का? तुझा दम संपला वाटतं. तरी मी सगळ्यांना बोललेलो, हा आता फक्त झेंडेच धरणार!”

आणि तो हसत पुढे निघून गेला. बस, एवढंच. मला त्या क्षणी सर्वेशची मूठ माझ्याभोवती आवळलेली जाणवली आणि मग ती एकदम सैल पडली. एखाद्याच्या मनात काय शिजतंय ते त्याच्या हातात असलेल्या वस्तूला आधी कळतं.

“रसिका, जरा धर ना हा,” तो म्हणाला. “लेस सुटलीय. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.”

तिने मला आनंदाने घेतलं. केवढा मान वाटला असेल तिला! सर्वेश डाव्या कडेला जाऊन वाकला. मी उंच असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. लेस सुटलेली नव्हती. त्याने पाठीवर लावलेला ‘पेसर’चा कागद काढून खिशात कोंबला. पाण्याच्या टेबलापाशी गर्दी उडाली होती, तिच्या आडून तो उजवीकडे सरकला आणि दुभाजकाला चिकटून आमच्या शेजारून पुढे निघून गेला. वळूनही बघितलं नाही. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मला ओरडायचं होतं. पण झेंड्याला तोंड कुठे असतं? वारा आला तर फडफडायचं, नाही तर लोंबायचं. मी जिवाच्या आकांताने फडफडलो. रसिकाला वाटलं, पुलावर वारा सुटलाय.

आणि मग तिने जे केलं ते आठवलं की अजून माझी शिवण दुखते. ती हळू झाली. सारखी मागे वळून बघू लागली.

“अगं पोरी, वेळ जातोय,” तानाजीकाका म्हणाले.

“थांबा ना काका. गाठेल तो आपल्याला. त्याला मागे टाकून कसं जायचं?”

ज्याने हिला टाकलं होतं, त्याची ती वाट बघत होती. मी तिच्या हातात होतो, मला सगळं ठाऊक होतं आणि मला काडीचा उपयोग नव्हता. एकदा तर ती पुलावर चक्क उभी राहिली. टाचा उंचावून गर्दीत त्याची टोपी शोधत होती. तेवढ्यात मागून एक मुलगी धापा टाकत आली आणि माझ्याकडे बघून आनंदाने ओरडली, “आई शप्पथ, अडीचच्या झेंड्याला गाठलं मी!” बिचारीला काय माहीत, झेंडाच मागे पडला होता.

पूल उतरल्यावर ते दिसलं. दुभाजकाच्या पलीकडून, वळण घेऊन परत येणाऱ्या पुढच्या लोकांत सर्वेश होता. हर्षितच्या बरोबरीने, दात-ओठ खाऊन पळत होता.

“अरे, तो बघ सर्वेश!” तानाजीकाका म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

रसिकाने हाक मारली. मोठ्याने मारली. सर्वेशने ऐकलं, नक्की ऐकलं, कारण त्याने लगेच मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तसंच खाली बघत तो आमच्या समोरून निघून गेला.

रसिकाने आपलं घड्याळ बघितलं. तिचा चेहरा कसा उतरला, ते मी सांगत नाही. तिने जोर लावून पाहिला. घोळक्यानेही लावला. पण लय एकदा मोडली की पाय ऐकत नाहीत. वळण घेऊन पुन्हा पुलाचा चढ लागला तेव्हा ती मागे वळून म्हणाली, “काका, झेंड्याकडे बघू नका. तो आता खोटा आहे. तुमचे तुम्ही पळा.”

आणि तिने माझं कापड काठीभोवती गुंडाळून टाकलं.

मला खोटा म्हणाली ती. तिचं काय चुकलं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशीच गत झाली होती माझी. तरी तिने मला रस्त्यावर फेकलं नाही. वाटेत पाण्याच्या बाटल्या फेकायला पिंप ठेवलं होतं, त्यातही टाकलं नाही. काखेत धरून शेवटपर्यंत नेलं. अडीच तासांनंतर शाळेतल्या मधल्या सुट्टीइतक्या उशिराने आम्ही कमानीखालून गेलो. टाळ्या वाजवणारे बरेचसे घरी गेले होते.

सर्वेश मंडपात उपमा खात उभा होता. गळ्यात पदक. त्याने हर्षितला हरवलं होतं. रसिकाला बघून तो चटकन पुढे आला.

“अगं, सॉरी हां. मला वाटलं तू मॅनेज करशील. तुझी तयारी एवढी मस्त झालेली...”

रसिकाने मला त्याच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

“झाली का रे लेस बांधून?” तिने एवढंच विचारलं.

मग ती बाजूला गेली आणि तिने फोन लावला. “बाबा, या वर्षी नाही जमणार. नाही, पाय ठीक आहेत. टोपी ठेवा तुम्ही, उन्हात कामाला येईल.” मित्रांनो, मी नंतर खूप काही ऐकलं, पण ते टोपीचं वाक्य माझ्या कापडातून जात नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर सर्वेशने मला गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांमागे कोंबलं. “झेंडा आत का नाही ठेवलास?” असं आईने विचारलं, तर म्हणाला, “जुना झालाय तो.” मग गोदूबाईंनी टोकाला एक फडका बांधला आणि माझ्याने छताची जळमटं काढायला सुरुवात केली. त्यांना काही माहीत नव्हतं. देवघराच्या शेजारून मी जळमटांत आलो. कोळी तरी बरे, जाळं विणतात ते समोर दिसतं.

ठाण्याच्या शर्यतीला सर्वेशला पुन्हा पेसर नेमलं. वेळ चांगली आली होती ना त्याची! या वेळी त्याने बाजारातून चकचकीत झेंडा विकत आणला. तो पहाटे त्याला घेऊन दारातून निघाला, तेव्हा मी गॅलरीतून त्या पोराला पाहिलं. कसा ताठ होता! मला त्याची दया आली.

त्याच सकाळी गोदूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि खालून रसिका एकटीच पळत आली.

“अगं, तू ठाण्याला नाही गेलीस?”

“नाही काकू. वेळेत नाही बसले मी कल्याणला.”

“असं कसं? सर्वेश होता ना बरोबर?”

रसिका जरा घुटमळली. चुगली करणाऱ्यातली ती नव्हे. पण खोटंही तिला बोलता येत नाही.

“मी त्याची वाट बघत राहिले, काकू. आणि तो कधीच पुढे गेलेला.”

रसिका गेल्यावर गोदूबाईंनी हातातला ओला टॉवेल तसाच दोरीवर टाकला. मग त्यांनी माझा फडका सोडला. मला साबणाने धुतलं, इस्त्री केली, चारही कडांच्या दुहेरी शिवणीवरून अंगठा फिरवून पाहिला आणि मला हॉलमध्ये आणून मुख्य दाराशेजारी, चपलांच्या कपाटापाशी उभं केलं. दुपारी सर्वेश पदक मिरवत आला आणि मला बघून दारातच थबकला.

“आई, हा कशाला काढलास? टाकून दे ना, जुना झालाय.”

“जुना कुठे झालाय?” त्या म्हणाल्या. “मी शिवलाय तो. मला माहीत आहे.”

आणि त्या मशीनवर जाऊन बसल्या.

मित्रांनो, मी कापडाचा असलो तरी मला एक मागणं मागायचं आहे. झेंडा हातात घेतलाच पाहिजे, अशी कुणाची सक्ती नसते. स्वतःसाठी जोरात पळायचं असेल तर खुशाल पळा, त्यात पाप नाही. पण ज्या दिवशी कुणाला ‘मी आहे ना’ म्हणाल, त्या दिवशी आधी मागे बघा. कुणीतरी तुमच्या भरवशावर श्वास मोजत येत असतं. आणि आम्हा झेंड्यांना जपायचं असेल, तर धुऊन इस्त्री केली नाहीत तरी चालेल, आम्हाला खोटं पाडू नका.

रसिका पुढच्या कल्याणच्या शर्यतीची तयारी करते आहे, असं तानाजीकाका परवा येऊन सांगून गेले. झेंडा बघून पळणार नाही, म्हणाली म्हणे. मी मात्र अजून दाराशीच आहे. बूट कपाटात असतात आणि बसायला तिथेच एक स्टूल आहे, त्यामुळे सर्वेशचा इलाज नाही. रोज पहाटे तो माझ्यासमोर बसून लेस बांधतो. वर बघत नाही.