लच्छोच्या केसांतलं विष

वृंदावनात यमुनेच्या घाटाजवळच्या धर्मशाळेच्या अंगणात मुंगीला शिरायला वाट नव्हती. पायऱ्यांवर बायका, कठड्यावर पोरं, वर पत्र्यावर दाटीवाटीनं बसलेली माकडं. मधोमध पाटावर एक म्हातारा मान खाली घालून बसला होता आणि तांबड्या तोंडाचं एक धिप्पाड माकड त्याचे केस बाजूला सारून काहीतरी टिपत होतं. तोंडात टाकत होतं. मिटक्या मारत होतं. दर घासाला गजर उठे, "जय बजरंगबली!"

"बघा, विष वेचतोय!" कपिदास बाबा टाळ्या पिटत होते. "वानराच्या दातातून उतरलेलं विष शेंडीला चढतं. ज्याचं विष त्यानंच खायचं! डागदराच्या सुईला जमेल का हे?"

"नाही जमणार!" अंगण गरजलं.

विमलेश मास्तरीणबाईंनी नाकाला पदर लावला. त्यांच्या धाकट्या जावेची, ओमवतीची, लेक लच्छो त्यांना बिलगून उभी होती. सकाळी गच्चीवर वाळत घातलेले पापड राखताना माकडानं तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. तेव्हापासून विमलेश गयावया करत होत्या, "ओमवती, दवाखान्यात चल."

"जिज्जी, हनुमानजींचा दात लागलाय. त्यावर सुई टोचायची? बाबा म्हणतात, सुई टोचली की देव पाठ फिरवतो."

एरवी विमलेशबाई कीर्तन म्हटलं की जेवण विसरणाऱ्या. बाबांनी पेटी ओढून पद धरलं तेव्हा त्यांचेही डोळे भरून आले. गळा खरंच गोड होता. तेच त्यांना अधिक किळसवाणं वाटलं. ज्या सुरावर देव यावा, त्या सुरानं हा माणूस गिऱ्हाइकं बोलावत होता.

लच्छोची पाळी आली. पोर घाबरून पाटावर बसेना. विमलेशबाईंनी तिला मांडीवर घेतलं. बाबांनी मूठभर भभूत, मंतरलेली राख, तिच्या केसांत चोळली. थोडी विमलेशबाईंच्या पदरावर सांडली. माकड उडी मारून आलं आणि लच्छोचे केस चाचपू लागलं. ओमवती हात जोडून रडत होती.

मग माकडानं विमलेशबाईंच्या पदराकडे मोर्चा वळवला. तिथलंही टिपून खाऊ लागलं.

विमलेशबाई चमकल्या. वृंदावनातलं माकड! गल्लीत चष्मा पळवतं आणि मालकानं सरबताचा डबा फेकल्याशिवाय परत देत नाही. हे फुकट कुणाचं विष खाईल? त्यांनी पदरावरची भभूत चिमटीत घेतली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

"बाबा, माझ्या पदराला कोण चावलंय?"

"काय, माताजी?"

"सातूचं पीठ आहे हे. गूळ आणि मीठ घालून. वर नावाला राख."

"प्रसाद आहे तो! त्यात सगळंच असतं!" बाबा हसले, पण नजर चेल्याकडे गेली. "शंका घेणाऱ्याला विष दिसत नाही."

विमलेशबाईंनी लच्छोला आईकडे दिलं, बाबांच्या थाळीतली भभूत उचलली आणि त्यांच्याच खडावांवर चोळली. माकड टुणकन तिकडे गेलं. खडाव उलटीपालटी करून चाटूनपुसून लख्ख केली.

"अगं बाई, खडाव पिसाळली!" मागून एक पोरगी खिदळली.

"माझ्या साधनेचं तेज आहे त्यात!" बाबा गुरगुरले. "विष तिथं ओढलं गेलं!"

"असं? मग धर्मशाळेच्या खांबाचीही साधना असेल." पाटावरून नुकताच उठलेला म्हातारा म्हणाला आणि त्यानं खांबाला भभूत फासली. माकड खांबाला चिकटलं. पत्र्यावरची बाकीचीही खाली उतरली आणि थाळीवर तुटून पडली.

हशा उसळला. त्यात एक बाई हसली नाही. ती कचोरीवाल्या मुरारीची विधवा, हरप्यारी. ती पुढं आली.

"माझ्या धन्याचंही विष इथंच वेचलं होतं," ती म्हणाली. "होळीच्या आधी त्याला पाण्याची भीती बसली. लोटा बघितला की गळा आवळायचा. यमुनेच्या काठी जन्मलेला माणूस तहानेनं मेला. मी विचारायला आले, तर तुम्ही काय म्हणालात, महाराज?"

बाबा माळ ओढू लागले.

"म्हणालात, त्यानं पथ्य मोडून चोरून कांदा खाल्ला असेल. आजवर मी मेलेल्या माणसाला दोष देत बसले."

माकडाच्या मिटक्या तेवढ्या ऐकू येत होत्या. चेला पेटी उचलून मागच्या दारानं सटकला. बाबांनाही निघायचं होतं, पण हरप्यारी दारात उभी होती.

ओमवतीनं लच्छोला कडेवर घेतलं. "जिज्जी, रिक्षा बघा."

दवाखान्यात नर्सबाईंनी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली कितीतरी वेळ धुतली, मग जखमेत आणि दंडात सुया दिल्या. लच्छोनं दवाखाना डोक्यावर घेतला.

"पुढच्या सुयांना वेळेवर आणा. एकही चुकवायची नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हा पिसाळण्याचा रोग एकदा अंगात फुलला की आमच्याकडेही औषध नाही. त्याआधी आलात, बरं केलंत."

ओमवतीनं लच्छोला घट्ट धरलं. दबक्या आवाजात तिनं विचारलं, "जिज्जी, देव रागावणार नाही ना?"

"मी उद्याही कीर्तनाला जाणार आहे," विमलेशबाई म्हणाल्या. "रामनाम घेईन, हनुमानजींपुढं दिवा लावीन. पण गच्चीवरचं माकड हे माकड आहे, बाई. त्याला भूक लागते, ते चावतं, आणि त्याच्या लाळेत रोग असू शकतो. देवानं आपल्याला डोकं दिलं ते काय भभूत चोळून घ्यायला? चावलं की आधी साबण-पाणी, मग थेट दवाखाना. हे गल्लीतल्या प्रत्येक घरी सांग. हरप्यारीच्या घरी मात्र मी जाते. तिचा धनी कांद्यापायी मेला नव्हता, हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं."