कुरणातला कायदा

खासदारबाईंचा फोन आला तेव्हा ग्लेनिस कृत्रिम पाय काढून कॅराव्हॅनच्या, त्यांच्या चाकांवरच्या सुट्टीतल्या घराच्या, पायरीवर वाटाणे सोलत बसली होती.

"झाला," फोन ठेवून ती म्हणाली. "कायदा झाला."

तिचा नवरा इद्वल चहाची किटली हातात घेऊनच बाहेर आला. "नक्की? मागेही असंच म्हणाली होती ती."

"मागे पुढे ढकलला होता. आता झाला."

ग्लेनिस वेल्समधल्या एका शाळेत स्वयंपाकीण होती. काही वर्षांपूर्वी सुट्टीत तंबू नि कॅराव्हॅन लावायच्या याच कुरणात ती कपडे वाळत घालत असताना पलीकडच्या तंबूतल्या एका पोराने मित्रांपुढे मिरवायला गाडी गवतावर गरागरा फिरवली. गाडी घसरली ती थेट तिच्या अंगावर. उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

इस्पितळात तिच्या खाटेशी पोलीस टोपी हातात धरून बसला होता. "रस्त्यावर घडलं असतं तर त्याला आत टाकला असता, बाई. पण ही फाटकाआडची खाजगी जमीन. बेदरकार गाडी चालवण्याचा गुन्हा इथे लागूच होत नाही."

"म्हणजे पाय रस्त्यावर जाऊन मोडून घ्यायला हवा होता मी?"

कायदा बदलावा म्हणून तोच प्रश्न ती पुढे सगळ्यांना विचारत राहिली. खासदारबाईंना, मंत्र्यांच्या सचिवांना, लंडनला जाताना आगगाडीत शेजारी बसलेल्यांनासुद्धा. इद्वल चेष्टेने म्हणायचा, "तुझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी का राहते, कळतंय मला."

आता मात्र चेष्टा न करता तो म्हणाला, "त्या पोराला काही होणार नाही पण. कायदा मागचं धरत नाही."

"नाहीच होणार."

"राग नाही येत?"

"यायचा." तिने एक शेंग सोलली. "त्याला मुलगी झालीय म्हणे. तीही खेळेलच की कुठल्यातरी गवतावर."

इद्वलने किटली खाली ठेवली. "चल, बंदरावर मासे खाऊ. मी पैसे देतो."

"तू? मग लवकर निघू या."

तिने पाय चढवला, पट्टे आवळले. अपघातापासून ती फाटकापर्यंत कुंपणाच्या कडेकडेनेच जायची. आज सरळ कुरणाच्या मधून निघाली. इद्वलने आपली पावलं तिच्याजोगी आखूड केली.